कार्ड यायचंय, लग्नाची तारीख मात्र ठरली: जर्मनीतल्या मुलाने यावं का?

पत्र, थोडक्यात: आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मुलगा तीन वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्या ब्लू कार्डाची, म्हणजे तिथे राहून नोकरी करायच्या परवान्याची, मुदत ३० नोव्हेंबरला संपते. मुदतवाढीचा ऑनलाइन अर्ज त्याने ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच केला, पोच मिळाल्याचा मेलही आला. बोटांचे ठसे द्यायला १८ नोव्हेंबरला बोलावलंय. मुलीचं लग्न १० डिसेंबरला आहे, कार्यालय ठरलंय, पत्रिका छापायला दिल्यात. मुलगा ४ तारखेला यायचं आणि २१ला परत जायचं म्हणतोय. पुतण्याचं म्हणणं, अर्ज केलाय ना, मग बिनधास्त ये, कार्ड मागाहून कुरिअरने येईल. एजंट म्हणतो लंडनमार्गे स्वस्त तिकीट आहे, आजच काढा. काय करावं? आणि परत जाताना त्याच्याबरोबर खायचं काय काय देता येईल?

उत्तर:

ताई, तिकीट आज काढू नका, आणि लंडनमार्गे तर मुळीच नको. मुलगा लग्नाला येऊ शकेल अशी चिन्हं चांगली आहेत, पण ते ठरणार १८ नोव्हेंबरला त्याच्या हातात कोणता कागद पडतो यावर.

येण्यात काही अडचण नाही. भारतीय पासपोर्टवर मुंबईत उतरायला त्याला कोण अडवणार? प्रश्न आहे तो २१ डिसेंबरचा. त्या दिवशी मुंबईच्या चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी जर्मनीत जायची परवानगी दाखवा म्हणेल, आणि मुलाकडच्या कार्डावर ३० नोव्हेंबर छापलेलं असेल. परवानगी नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड बसतो, शिवाय त्याला परत आणायचा खर्चही तिच्याच गळ्यात पडतो. म्हणून काउंटरवर शंकेचा फायदा प्रवाशाला मिळत नाही.

पुतण्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अर्ज मुदतीच्या आत केला असेल तर निर्णय लागेपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं जर्मन निवास कायद्याचं कलम ८१ धरून चालतं. तिथे राहायला, कामावर जायला मुलाला काहीच आडकाठी नाही. पण हे कायद्याने धरलेलं काउंटरवर दिसत नाही. पोचीचा मेल किंवा पीडीएफ दाखवून विमानात बसता येत नाही, मोबाइलमधला कार्डाचा फोटो दाखवूनही नाही.

त्यासाठी वेगळा दाखला असतो, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. तिकडची आपली मुलं नुसतं 'फिक्शन' म्हणतात, आपणही तेच म्हणू. हा परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून मिळणारा घडीचा छापील कागद असतो, फी १३ युरो. 'फिक्शन मिळालं' एवढं मुलाने फोनवर सांगितलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या कागदाच्या तिसऱ्या पानावर तीन चौकटी असतात, आणि त्यातल्या कोणत्या चौकटीवर फुली आहे त्यावर सगळं अवलंबून आहे.

पहिली चौकट कलम ८१, पोटकलम ३ मधल्या पहिल्या वाक्याची. परवान्याशिवायच कायदेशीरपणे जर्मनीत आलेल्यांसाठी ती असते, आपल्याकडच्या लोकांच्या वाट्याला सहसा येत नाही. दुसरी त्याच पोटकलमातल्या दुसऱ्या वाक्याची, अर्ज उशिरा केलेल्यांसाठी. तिचा अर्थ एवढाच की निर्णय होईपर्यंत तुम्हाला देशाबाहेर काढणार नाही. या दोन्हींवर जर्मनीतून बाहेर पडता येतं, पण परत आत येता येत नाही. तिसरी चौकट पोटकलम ४ ची, म्हणजे जुना परवाना तसाच पुढे चालू. ही फुली असलेला दाखला आणि सोबत मुदत संपलेलं जुनं कार्ड, अशी जोडी असेल तरच परत प्रवेश मिळतो. नुसता दाखला चालत नाही आणि नुसतं कार्डही चालत नाही. तुमच्या मुलाने अर्ज वेळेत केलाय, तेव्हा त्याला तिसरीच चौकट मिळायला हवी. तरी कार्यालयातून बाहेर पडायच्या आधी त्याने पान उघडून बघावं. चुकीच्या चौकटीवर फुली पडलीच तर दुरुस्ती तिथेच, त्याच खिडकीवर होते. कोल्हापुरातून ती होत नाही.

आता कार्डाचं गणित. ठसे आणि फोटो घेतल्यावर कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापायला जातं आणि साधारण चार ते सहा आठवड्यांनी कार्यालयात पोचतं. १८ नोव्हेंबरपासून मोजलं तर १६ ते ३० डिसेंबर. म्हणजे लग्नाआधी कार्ड हातात यायची आशा सोडा. फिक्शनवरच येणं-जाणं होणार असं धरून सगळी आखणी करा.

१८ तारखेची वाट बघत बसायचीही गरज नाही. मुलाने आत्ताच कार्यालयाला मेल टाकावा. 'मी प्रवास करू शकतो का?' असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम येतं, किंवा येतच नाही. थेट मागणी करावी: माझा परवाना ३० नोव्हेंबरला संपतो, मुदतवाढीचा अर्ज अमुक तारखेला केला आहे, ४ ते २१ डिसेंबर भारतात बहिणीच्या लग्नाला जायचं आहे, तरी १८ नोव्हेंबरच्या भेटीत कलम ८१ पोटकलम ४ प्रमाणे दाखला द्यावा. विषयाच्या ओळीत फाइल क्रमांक, पूर्ण नाव, जन्मतारीख. सोबत पासपोर्टचं पान, जुन्या कार्डाच्या दोन्ही बाजू, अर्जाची पोच आणि लग्नपत्रिका. पत्रिका मराठीत असेल तर तारीख, ठिकाण आणि नातं यांचं दोन ओळींचं जर्मन भाषांतर खाली टाईप करून जोडावं. छापखान्यातून पत्रिकेची पीडीएफ आजच मागवून त्याला पाठवून द्या, हे काम तुमच्याकडचं.

भेटीच्या दिवशी पासपोर्ट, जुनं कार्ड, चालू नोकरीचा करार, अलीकडच्या तीन पगारपावत्या, आरोग्यविम्याचा दाखला आणि पत्त्याच्या नोंदणीचा कागद असं सगळं जवळ असू द्यावं. फी बहुतेक ठिकाणी तिथल्या तिथे बँकेच्या कार्डाने भरतात. आणि एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट: जुनं कार्ड खिडकीवर सोडून यायचं नाही, त्याला भोक पाडू द्यायचं नाही. नवं कार्ड देताना जुनं परत घेतात, ते रीतसर आहे. ठसे देण्याच्या दिवशी मात्र जुनं कार्ड मुलाकडेच राहायला हवं, कारण त्याच्याशिवाय फिक्शन लंगडं.

कधीकधी खिडकीपलीकडून उत्तर येतं, 'कार्ड छापायला देतोच आहोत, मग दाखला कशाला?' यात त्या माणसाचा खोडसाळपणा नसतो. त्याच्या डोळ्यापुढे जर्मनीत राहणारा माणूस असतो, त्याला खरंच दाखल्याची गरज नसते. मुलाने शांतपणे तारखा पुढे कराव्यात. तरी नकार आला तर दुसरी वाट विचारावी. त्याच कायद्याच्या कलम ७८अ प्रमाणे अपवाद म्हणून कार्डाऐवजी पासपोर्टात परवान्याचं स्टिकर लावून देता येतं. मुक्काम एक महिन्याने वाढवायचा असेल तर, किंवा असाधारण अडचण टाळायची असेल तर, अशा दोनच प्रसंगी. एक महिन्याचं स्टिकर ३० डिसेंबरपर्यंत पोचतं, म्हणजे तुमच्या २१ तारखेला पुरून उरतं. ते द्यायचं की नाही हा अधिकाऱ्याचा अधिकार, पण कलमाचं नाव घेऊन विचारणाऱ्याला निदान नीट उत्तर तरी मिळतं.

दाखल्यावरची मुदतही वाचावी. ती २१ डिसेंबरच्या पुढे निदान दोन-तीन आठवडे असावी. विमान रद्द होतं, घरात कुणी आजारी पडतं, आणि भारतात बसून फिक्शनची मुदत वाढवता येत नाही. मुदत इथे असताना संपली, किंवा मुलगा दाखल्याशिवायच आला, तर मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे परत जाण्यासाठी नव्याने राष्ट्रीय व्हिसा मागावा लागतो. त्याची फी ७५ युरो. पैशाचं एवढं नाही, पण दूतावास श्टुटगार्टकडच्या कार्यालयाला विचारणार, तिथून उत्तर येणार, यात आठवडे जातात. तोवर मुलगा राजारामपुरीत आणि नोकरी तिकडे. हे घडू शकतं हे माहीत असूनही काही जण 'बघू पुढचं पुढे' म्हणत निघतात. आमचं मत स्पष्ट आहे: १८ तारखेला फिक्शनही नाही आणि स्टिकरही नाही, तर त्याने येऊ नये. ऐकायला कठोर वाटेल, पण लग्न तीन दिवसांचं आणि नोकरी पुढच्या कित्येक वर्षांची.

कुरिअरच्या बेताबद्दल. वाटतो तितका तो सोपा नाही. नवं कार्ड मित्राने घ्यायचं तर मुलाने सही केलेलं अधिकारपत्र लागतं, आणि ते सगळीच कार्यालयं मानतात असं नाही. मानलं तरी जुनं कार्ड परत द्या म्हणतात, बऱ्याचदा पासपोर्टही दाखवा म्हणतात. दोन्ही वस्तू त्या वेळी कोल्हापुरात! म्हणजे कार्ड सुटायला जुनं कार्ड तिकडे पाठवायचं, आणि ते पाठवलं की फिक्शनची जोडी मोडली. त्यातून पाकीट वाटेत गहाळ झालं तर मुलाकडे काहीच उरत नाही. नवं कार्ड कार्यालयात पडून राहू दे, तो परत गेल्यावर स्वतः घेईल.

मित्राला खरं काम द्यायचं तर टपालपेटी उघडण्याचं द्या. कार्डाच्या पिनचं पत्र टपालाने घरी येतं, आणि कार्यालयाला आणखी एखादा कागद हवा असेल तर तेही पत्रानेच कळवतात. अर्ज नाकारल्याचं पत्र आलं तर फिक्शनचा आधारच जातो, आणि त्याविरुद्ध दाद मागायची मुदत साधारण एक महिन्याची असते. त्याच कंपनीत, त्याच कामावर असलेल्या ब्लू कार्डवाल्याच्या बाबतीत हे क्वचितच होतं. मधल्या काळात नोकरी बदलली असेल तर मात्र निघण्यापूर्वी तिथल्या वकिलाशी बोलून घ्यावं. पेटीतली पाकिटं त्याच दिवशी उघडून फोटो पाठवणारा कुणीतरी हवा.

आता मार्ग. एजंटच्या लंडनच्या तिकिटातली मेख अशी आहे. भारतीय पासपोर्टवाल्याला लंडनला नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. युरोपातल्या देशाचं ठरावीक नमुन्यातलं चालू निवासकार्ड असेल तर त्यातून सूट मिळते. फिक्शन त्या नमुन्यातलं नाही आणि जुन्या कार्डाची मुदत संपलेली. वाचलेले आठ-दहा हजार मुंबईच्या काउंटरवरच बुडतील. पॅरिस, ॲमस्टरडॅम, झुरिक हे मार्ग कायद्याने चालतात, कारण तिसऱ्या चौकटीचं फिक्शन जर्मनीने शेंगेन देशांना, म्हणजे आपापसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांना, कळवलेल्या कागदांच्या यादीत आहे. पण तिथे शेंगेनमध्ये शिरण्याची तपासणी जर्मन नव्हे, त्या देशाचा अधिकारी करतो. त्याला हा घडीचा कागद ओळखीचा असेलच असं नाही, आणि त्याची खात्री होईपर्यंत पुढचं विमान निघून जातं. म्हणून पहिली पसंती मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा म्युनिकचं थेट विमान. फ्रँकफर्ट विमानतळावरूनच श्टुटगार्टला आगगाडी मिळते, सव्वा-दीड तास लागतो. खर्च आवाक्याबाहेर जात असेल तर दुबई, दोहा किंवा अबुधाबीमार्गे, म्हणजे शेंगेनमधलं पहिलं पाऊल जर्मनीतच पडेल. तिकीट एकाच बुकिंगवर असावं आणि तारीख बदलता येण्याजोगं असावं. काढायचं मात्र १८ तारखेच्या संध्याकाळी, तिसऱ्या पानाचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर आल्यानंतर.

परतीच्या दिवशी मुंबईत वेळ हाताशी ठेवा. कागल ते साताऱ्यापर्यंत महामार्गाच्या सहापदरीकरणाने गाडीचा अंदाज चुकतो, तेव्हा आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून सकाळी मुंबईत पोचणं बरं. उजळाईवाडीहून मुंबईचं विमान घेणार असाल तर तेही त्याच दिवसाचं नको. फिक्शन, जुनं कार्ड, पासपोर्ट हे तिन्ही हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत नाही आणि लग्नघराच्या कपाटात तर नाहीच. लग्नाच्या धांदलीत कोणती पिशवी कुणाच्या गाडीतून गेली याचा पत्ता लागत नाही. आल्या दिवशीच तिन्हींच्या रंगीत प्रती काढून एक संच घरी ठेवा. कागद हरवलाच तर पोलीस ठाण्यात तक्रार, आणि तिकडच्या कार्यालयाला त्याच दिवशी मेल. परत जायची वाट मग दूतावासातूनच.

काउंटरवर उड्डाणाच्या चार तास आधी पोचावं. कागद एकेक करून काढू नयेत. पासपोर्ट, त्यावर जुनं कार्ड, त्यावर फिक्शन तिसरं पान उघडून, असे एकदम पुढे करावेत आणि तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवून सांगावं. कर्मचारी नियम बघतो तो टायमॅटिक नावाच्या प्रणालीत, कार्डाच्या तारखेवर नजर अडकली म्हणून तो आधी 'नाही' म्हणू शकतो. अशा वेळी आवाज चढवून उपयोग नाही. वरिष्ठांना बोलवा, टायमॅटिकमध्ये जर्मनीखाली हा दाखला शोधा, हवं तर तुमच्या जर्मनीतल्या कार्यालयाला विचारा, असं सांगावं. या विचारपूसीलाच तासभर जातो, म्हणून चार तास. कंपनीचं इंग्रजीतलं पत्र, अमुक इथे नोकरीत आहे आणि २२ तारखेला कामावर रुजू होणार आहे, अशा मजकुराचं, इथे फार कामाला येतं.

जर्मनीत उतरल्यावरही तोच गठ्ठा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बाहेरच्या पाहुण्यांचे ठसे आणि ये-जा नोंदवणारी यंत्रणा सुरू झाली आहे. निवास परवानावाले तिच्यातून वगळलेले आहेत. म्हणून यंत्राकडे न वळता माणूस बसलेल्या खिडकीवर जावं आणि तिन्ही कागद एकदम द्यावेत. नुसता पासपोर्ट पुढे केला तर पाहुणा म्हणून नव्वद दिवसांची मोजणी सुरू व्हायची.

याच विषयावर इतर वाचकांनाही थोडं. पहिल्याच वर्षी गेलेल्या विद्यार्थ्यांचं कार्ड अजून आलं नसेल, पण पासपोर्टातला डी प्रकारचा, म्हणजे लांब मुक्कामाचा, व्हिसा चालू असेल आणि त्यावर अनेक प्रवेशांची नोंद असेल, तर त्या व्हिसाच्या मुदतीत येऊन-जाऊन करायला वेगळा कागद लागत नाही. मुदत संपल्यावर मात्र वरचंच सगळं लागू, फक्त जुन्या कार्डाच्या जागी मुदत संपलेला व्हिसा.

आणि हे नियम जर्मनीचे आहेत. शेजारच्यांचा मुलगा दुसऱ्या देशातून असाच आला होता, हे उदाहरण इथे उपयोगाचं नाही. नेदरलँड्समध्ये अशा वेळी परतीच्या व्हिसाचं स्टिकर घ्यावं लागतं. ब्रिटनमध्ये मुदतवाढीचा अर्ज निर्णयाविना असताना देश सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. अमेरिकेत ग्रीन कार्डाचा तिथल्या तिथे केलेला अर्ज बाकी असताना आगाऊ परवानगीशिवाय बाहेर पडलं तर अर्ज सोडून दिला असं मानतात, एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना त्यातून सूट आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तूप, खवा, पनीर आणि मटण-चिकनाचं काहीही युरोपात नेता येत नाही, डबा कितीही घट्ट बंद केला तरी. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही नकोत, त्यांना वनस्पती तपासणीचा दाखला लागतो. नारळाला तो लागत नाही, तेव्हा ओटीतला नारळ जाऊ दे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र मोठ्या बॅगेत टाकू नका, त्या मुंबईतच काढून घेतात. भडंग, गूळ आणि कांदालसूण चटणी खुशाल द्या, चटणी दोन पिशव्यांत बांधून.